व्हेप मागे ठेवून गावी: बर्मिंगहॅम ते कराड

लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पार्किंगमध्ये डिकी उघडी होती, बॅगा ट्रॉलीवर चढल्या होत्या, आणि माझ्या मावसभावाने जॅकेटच्या आतल्या खिशातून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, काढून मला दाखवला. "दादा, मी नीट वाचलंय. चेक-इनमध्ये चालत नाही, हँडबॅगेत चालतं."

त्याने वाचलेलं बरोबर होतं, पण अर्धंच. विमानात काय न्यायचं हा एक नियम आणि ज्या देशात उतरायचं तिथला कायदा हा दुसरा. पहिल्यात तो पास होता. दुसऱ्यात, मुंबईत पाय ठेवताक्षणी, नापास. तिथेच उभं राहून मी त्याला समजावलं आणि आम्हाला सोडायला आलेल्या मित्राच्या हातात ती वस्तू दिली. माझा व्हेप घरातून निघतानाच टेबलाच्या खणात गेला होता, बॅटऱ्या अर्ध्या चार्ज करून, लिक्विडची टाकी रिकामी करून.

हा वृत्तांत डिसेंबर २०२४ मधल्या आमच्या तीन आठवड्यांच्या गावच्या फेरीचा. परदेशात राहून व्हेपवर आलेली आपली खूप माणसं आहेत आणि सुट्टीत घरी जाताना प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कायदा. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. "ओढण्याला वेगळी शिक्षा नाही, मग स्वतःपुरता एक नेला तर काय होतं?" असं सांगणारे पुष्कळ भेटतील, मलाही भेटले. पण परदेशातून बॅगेत घालून आणणं म्हणजे आयातच, आणि कस्टम्सच्या एक्स-रेसमोर तुमची बॅग असते, तुमचा युक्तिवाद नसतो. "माझ्यात निकोटिनच नाही" हेही चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेलं आणि नसलेलं दोन्ही येतं. तंबाखूची कांडी जळू न देता तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्काही त्यातच येतात. शिवाय भारतातल्या विमानतळांवर सिक्युरिटीलाही ही वस्तू हँडबॅगेत आणि चेक-इन बॅगेत, दोन्हीकडे निषिद्ध आहे. म्हणजे मुंबईत कशीबशी बाहेर काढली तरी पुढे देशांतर्गत विमानात अडकणारच.

मला ही बंदी पटत नाही. चौदा वर्षं मी रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्या आणि मार्च २०२२ मध्ये त्या सुटल्या त्या व्हेपमुळेच. ब्रिटनमधली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडणाऱ्यांना हा मार्ग स्वतःहून सुचवते. तरीही जिथे जायचं तिथला कायदा पाळायचा. म्हाताऱ्या आईवडिलांना भेटायला निघालेल्या माणसाने त्यांच्या दारात पोलीसप्रकरण घेऊन जाऊ नये, एवढं मला पक्कं कळतं.

भाच्याचं सांगतो. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. निघायच्या आठवडाभर आधी मेसेज आला, "मामा, येताना एक व्हेप आण ना, फक्त एक, आईला सांगू नकोस." मी त्याला फोन केला आणि स्पष्ट नाही म्हणालो. तो सिगारेट ओढत नाही, मग त्याला व्हेप कशाला? जे माझ्यासाठी औषधासारखं होतं ते त्याच्यासाठी नवं व्यसन ठरेल. तुम्हालाही अशा मागण्या येतील. भीड बाळगू नका.

आता ज्या देशांत व्हेप नेता येतो तिथल्या प्रवासाविषयी. हे मी स्पेनला जाताना शिकलो, बर्मिंगहॅम ते मालागा, २०२३ च्या उन्हाळ्यात. दोन चुका केल्या.

पहिली बोर्डिंग गेटवर. विमान भरलेलं होतं, वरचे कप्पे संपले, म्हणून शेवटच्या प्रवाशांच्या हँडबॅगा खाली मालाच्या कप्प्यात टाकायला घेत होते. कर्मचारी बाईंनी माझ्या बॅगेला पट्टी बांधली, विचारलं काहीच नाही. बॅग इतर बॅगांच्या ढिगात गेली आणि मी शिडीपर्यंत पोचलो तेव्हा आठवलं की व्हेप, दोन सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक आतच आहे. मागे धावलो, माफी मागितली, बॅग उघडली. मागे रांगेतले लोक वैतागले होते, साहजिक होतं. तेव्हापासून मी या सगळ्या वस्तू एका छोट्या चेनच्या पाउचमध्ये ठेवतो आणि तो पाउच बॅगेच्या सगळ्यात वर असतो. बॅग खाली जाणार म्हटलं की पाउच उचलायचा, बाकी काही शोधायचं नाही. कोणी विचारो न विचारो, जबाबदारी आपली आहे.

यामागचं कारण समजलं की माणूस आपोआप काळजी घेतो. ऑगस्ट २०१४ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावर चेक-इन केलेल्या बॅगेतल्या ई-सिगारेटमुळे मालाच्या कप्प्यात आग लागली आणि विमान रिकामं करावं लागलं. जानेवारी २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला तसाच प्रकार झाला. तिथली बॅग पुढचं विमान चुकल्यामुळे जमिनीवरच राहिली होती आणि तिथे पेटली. ती हवेत पेटली असती तर, हा विचार मला आजही सोडत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने चेक-इन बॅगेत ई-सिगारेट ठेवण्यावर बंदी आणली. लिथियम बॅटरी एकदा आतून तापायला लागली की तिची आग तीच पोसत राहते. केबिनमध्ये धूर दिसतो, कर्मचारी पाणी ओततात, बॅटरी थंड करतात. खालच्या कप्प्यात तिच्याकडे बघायला कोणीच नसतं. विमानात व्हेप चार्ज करायलाही मनाई आहे, ती याच कारणाने.

सुट्या बॅटऱ्या कधीही खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकू नका. प्लास्टिकच्या डबीत एकेक वेगळी ठेवा. प्रत्येक बॅटरीची मर्यादा शंभर वॅट-तासांची आहे आणि आपण त्याच्या जवळपासही नसतो. व्होल्टेज गुणिले अँपिअर-तास करा: ३.६ व्होल्ट आणि ३००० मिलिअँपिअर-तासांची (म्हणजे ३ अँपिअर-तासांची) नेहमीची गोल बॅटरी जेमतेम अकरा वॅट-तासांची निघते.

दुसरी चूक टाकीची. मी ती पाऊण भरून जॅकेटच्या खिशात आडवी ठेवली होती. विमान वर चढताना केबिनमधला दाब कमी होतो, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका. टाकीतली हवा फुगते आणि लिक्विडला ते तापवणाऱ्या कॉइलमधून बाहेर ढकलते. खिशात हात घातला तर बोटं चिकट, अस्तर भिजलेलं, आंब्याचा गोड वास शेजारच्या आजींपर्यंत गेलेला. निकोटिन कातडीतून अंगात जातं, म्हणून आधी उठून साबणाने हात धुतले. टाकी रिकामी करून नेणं सगळ्यात सोपं. तेवढं जमत नसेल तर हवेचं छिद्र बंद करून, झिपच्या पिशवीत, उभी ठेवा. लिक्विडच्या बाटल्या इतर द्रवांसारख्याच धरल्या जातात. १०० मिलीची मर्यादा अजून बऱ्याच विमानतळांवर आहे, आणि ब्रिटनमध्ये निकोटिनची बाटली मुळात १० मिलीपेक्षा मोठी मिळतच नाही.

देशादेशाचं बघून घ्या. सिंगापूरमध्ये १ फेब्रुवारी २०१८ पासून जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. थायलंडमध्येही आयात बंद आहे, तरी रस्त्यावर विकायला दिसतं आणि पर्यटक फसतात. हाँगकाँगने एप्रिल २०२२ पासून आयात थांबवली. वाटेत विमान बदलत असाल आणि तिथे एक रात्र बाहेर पडणार असाल तर त्या देशाचाही कायदा तुम्हाला लागू होतो, हे विसरू नका.

आता पुन्हा हीथ्रो. टर्मिनलच्या आत व्हेप ओढता येत नाही. मी बर्मिंगहॅममध्ये घरातून निघताना शेवटचा ओढला आणि त्यानंतर हिशेब असा: हीथ्रोपर्यंत दोन तास, विमानतळावर तीन, विमानात नऊ, मुंबईत बाहेर पडायला दीड, आणि पुढे कराडपर्यंत गाडीने सात. साडेबावीस तास. एवढा वेळ केवळ मनोबलावर काढू, असं ठरवणारा माणूस खोपोलीच्या आधीच कुठल्यातरी टपरीवर सिगारेट पेटवतो. 

म्हणून या वेळी महिनाभर आधी घराजवळच्या केमिस्टकडे गेलो. तिथल्या फार्मासिस्टने माझं रोजचं प्रमाण विचारून कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच आणि २ मिलिग्रॅमची निकोटिनची च्युइंगम, असं दोन्ही दिलं. पॅच संथपणे दिवसभर काम करतो, अचानक तलफ आली की च्युइंगम. ही औषधं आहेत, व्हेपवरच्या कायद्यात ती येत नाहीत. मी त्यांच्या मूळ खोक्यासकट हँडबॅगेत ठेवली, कोणी विचारलं तर दाखवायला सोपं. २ मिलिग्रॅमची च्युइंगम भारतातही केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे कराडमध्ये संपली तेव्हा अडचण आली नाही.

च्युइंगम चघळण्याची पद्धत आहे आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. नेहमीच्या च्युइंगमसारखी सतत चावायची नाही. हळूहळू आठ-दहा वेळा चावा, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव ओसरली की पुन्हा चावा. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. गावी दर घरात चहा पुढे येतो, त्यामुळे मला याची आठवण बायकोच करून द्यायची. पॅच लावून झोपलो की मला भयंकर ठसठशीत स्वप्नं पडत, म्हणून रात्री काढायला लागलो. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून, कागदात गुंडाळून टाका. घरात लहान मुलं असतात आणि वापरलेल्या पॅचमध्ये निकोटिन उरलेलं असतं.

विमानात मध्यरात्री टॉयलेटला गेलो. दारावर धूम्रपानबंदीचं चित्र, आणि शेजारीच छोटी अ‍ॅशट्रे. ती नियमाने ठेवावीच लागते, कारण बंदी मोडून कोणी पेटवलीच तर थोटूक कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात पडू नये. ११ जुलै १९७३ रोजी पॅरिसजवळ व्हारिग कंपनीचं विमान टॉयलेटमध्ये लागलेल्या आगीमुळे शेतात उतरवावं लागलं आणि १२३ माणसं गेली. थोटुकाचाच संशय होता. व्हेपचा वाफारा धूर नाही, डिटेक्टरला कळणार नाही, या भरवशावर कोणी राहू नये. कळू शकतो, आणि पुढे उतरल्यावर पोलीस दारात उभे असू शकतात.

मुंबईत कस्टम्सच्या ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, आम्ही सरळ बाहेर पडलो. मावसभाऊ गाडीत बसेपर्यंत काही बोलला नाही. खंबाटकी घाट उतरल्यावर म्हणाला, "च्युइंगम दे रे दादा एक."

सगळ्यात अवघड संध्याकाळ पाचव्या दिवशी आली. शाळेतले तीन मित्र आणि मी प्रीतिसंगमावर गेलो होतो. कृष्णा-कोयनेचं पाणी संथ होतं, यशवंतरावांच्या समाधीकडे माणसांची ये-जा होती, आणि बाहेर येऊन टपरीपाशी थांबल्यावर मित्राने पाकीट उघडून न विचारता माझ्यापुढे धरलं. इतकी वर्षं आम्ही असंच करत आलोय. हात निम्मा पुढे गेला होता. मी खिशातून च्युइंगम काढली आणि त्याला म्हणालो, "मी चालत येतो पुलापर्यंत." तलफ काही मिनिटांत उतरते हे मला माहीत होतं, ती मिनिटं फक्त पायांनी काढायची होती. परत आलो तेव्हा त्याने पाकीट खिशात ठेवलं होतं. त्याला मी १८००-११-२३५६ हा नंबर मोबाइलमध्ये घालून दिला. तंबाखू सोडायला मदत करणारी ही राष्ट्रीय मोफत लाइन आहे, आणि नंबर त्याच्या हातातल्या पाकिटावरच छापलेला होता.

घरी आल्यावर आईने जवळ घेऊन वास घेतला, मी विशीत असताना घ्यायची तसाच. काही बोलली नाही, ताट वाढायला आत गेली.

तीन आठवड्यांत एकही सिगारेट ओढली नाही. हीथ्रोला मित्र घ्यायला आला तेव्हा मावसभावाचा व्हेप त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात तसाच होता. माझा घरच्या खणात अजून आहे. फार्मासिस्टला विचारून मी सध्या खालच्या शक्तीच्या पॅचवर आलोय.