होम्सची गाडी, मोरियार्टीची स्पेशल आणि ४८ टक्के

शेरलॉक होम्सची 'द फायनल प्रॉब्लेम' ही कथा १८९३ ची. वाचणाऱ्यांना त्यातली धबधब्यावरची शेवटची झुंज आठवते. गेम थिअरीवाल्यांचा, म्हणजे समोरच्याच्या चालीवर आपली चाल ठरवण्याचं गणित मांडणाऱ्यांचा, जीव मात्र त्याआधीच्या रेल्वेप्रवासात अडकलेला असतो.

होम्स आणि वॉटसन लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून डोव्हरच्या बोटीसाठी निघतात. गाडी हलते आणि होम्सच्या जिवावर उठलेला गुन्हेगार मोरियार्टी फलाटावर धावत येतो, पण त्याची गाडी चुकते. आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं? स्पेशल, म्हणजे फक्त आपल्यासाठी वेगळी गाडी काढली असती, हे होम्सचं उत्तर. आपली गाडी वाटेत कँटरबरीला थांबणार, डोव्हरला बोट सुटायलाही पाव तास तरी जाणार. म्हणजे तो तिथे गाठणारच. म्हणून होम्स कँटरबरीलाच उतरतो आणि सामानाच्या ढिगाआडून स्पेशल धडधडत पुढे जाताना बघतो.

पण मोरियार्टीने हे ओळखून कँटरबरीलाच गाडी थांबवली असती तर? मग होम्सने डोव्हर गाठायला हवं. आणि तेही त्याने ओळखलं तर? शेरास सव्वाशेर, सव्वाशेरास दीडशेर, याला अंत नाही. अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्नने १९२८ मध्ये हाच प्रसंग आर्थिक भाकितांमधली अडचण दाखवायला वापरला. पुढे १९४४ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनबरोबर लिहिलेल्या गेम थिअरीच्या मूळ ग्रंथात त्याचं गणितही सुटलं.

गुण मोरियार्टीच्या बाजूने मोजायचे. दोघे एकाच स्टेशनवर उतरले तर १००, कारण होम्स मेला. होम्स डोव्हरला आणि मोरियार्टी कँटरबरीला, तर उणे ५०: होम्स समुद्रापार सुटला. होम्स कँटरबरीला आणि मोरियार्टी डोव्हरला, तर ०, कारण होम्स वाचला पण अजून इंग्लंडातच आहे.

समजा मोरियार्टी 'प' इतक्या शक्यतेने डोव्हरला जातो. होम्स डोव्हर निवडेल तर मोरियार्टीला सरासरी १५०प – ५० गुण, कँटरबरी निवडेल तर १०० – १००प. दोन्ही समान ठेवले की होम्सने काहीही केलं तरी मोरियार्टीचं नुकसान होत नाही. प येतो ०.६. तसंच होम्सच्या बाजूने मांडलं की त्याने ४० टक्के डोव्हर आणि ६० टक्के कँटरबरी घ्यायचं. गाठ पडण्याची शक्यता ०.६ × ०.४ आणि ०.४ × ०.६ यांची बेरीज, म्हणजे ०.४८. गाडी व्हिक्टोरियाहून सुटते तेव्हाच होम्स ४८ टक्के मेलेला असतो. कथेत दोघांनीही आपापला जास्त शक्यतेचा पर्याय घेतला आहे. ते जुळून येण्याची शक्यता ३६ टक्के.

हे ६० आणि ४० मनातल्या मनात ठरवू नयेत. माणूस 'सहज' निवडायला गेला की पर्याय गरजेपेक्षा जास्त वेळा आलटूनपालटून घेतो, आणि समोरचा नेमकं तेच हेरतो. होम्सने खिशातलं घड्याळ काढून सेकंदकाटा बघावा: ० ते २३ असेल तर डोव्हर, नाहीतर कँटरबरी. आपण काय करणार हे आपल्यालाच आधी माहीत नसेल तर मोरियार्टी ओळखणार काय?

बहुतेकांची चूक पुढे होते. उणे ५० च्या जागी उणे १०० घाला, म्हणजे डोव्हरहून सुटणं होम्सला आणखी मोलाचं करा. आता तो डोव्हरला जास्त वेळा जाईल असं वाटतं ना? गणित करून बघा: ४० टक्क्यांवरून ३३ वर येतो. कारण मोरियार्टी आता डोव्हरवर तीनात दोनदा पहारा देतो. आपलं मिश्रण, म्हणजे कोणता पर्याय किती वेळा घ्यायचा ते प्रमाण, समोरच्याची कोंडी करण्यासाठी ठरतं, आपल्या हौसेने नाही.

एडगर अॅलन पोच्या १८४४ च्या 'द परलॉइन्ड लेटर'मध्ये गोट्यांनी एकी-बेकी खेळणारा एक शाळकरी मुलगा आहे. समोरचा किती मठ्ठ, किती चलाख हे जोखून तो सगळ्यांच्या गोट्या जिंकतो. त्याच्यासमोर नाणं उडवणारा बसवला तर त्याची सगळी हुशारी वाया, निम्मे डाव हरणार. पण नाणं उडवणारा मठ्ठ मुलासमोरही निम्मेच डाव जिंकतो. हिशोबी मिश्रण हे चिलखत आहे. त्याने मठ्ठ गिऱ्हाइकाच्या गोट्या लुटता येत नाहीत. होम्सने पोच्या मुलाचा मार्ग धरला. मोरियार्टीने एक पायरी पुढचा विचार केला असता तर ती मास्टरस्ट्रोक खेळी ठरली असती, हे होम्स स्वतःच कबूल करतो.

शिवाय होम्सचं सामान डोव्हरच्या गाडीत तसंच पुढे जातं. मोरियार्टी पॅरिसला त्याचा माग काढेल आणि तिथे दोन दिवस ताटकळत बसेल, असा होम्सचा अंदाज. नॉयमन-मॉर्गनस्टर्नच्या गुणांच्या कोष्टकातल्या चार चौकोनांत या पेट्यांना जागाच नाही.