रीफ बसत नव्हता, कारण बूम अधांतरी होता

काम आलं ते शिडाचं म्हणून. 24 फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), गेटवेसमोर मूरिंगवर (तळाशी पक्क्या बांधलेल्या बोयाला) उभी, मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, दुसऱ्यांदा फाटलेलं. मालक निवृत्त गृहस्थ, म्हणाले, "कापडच कुजलंय हो, उन्हानं. नवीन शीड घ्यावं लागणार." शीड शिवणाऱ्याचंही तेच मत होतं. ठिगळ त्यानेच लावलं होतं आणि नवीन शीडही तोच विकणार होता.

उन्हाने खाल्लेलं शीड कसं ओळखायचं हे सांगतो, कारण यात भरपूर पैसे फुकट जातात. डेक्रॉनच्या (शिडाच्या पॉलिएस्टर) कापडाआधी त्यावरचा दोरा मरतो. शिवण कापडाच्या वर उठलेली असते, ऊन आणि घासणं आधी तिलाच. शिवणीत नख घालून ओढलं आणि दोरा तुटला, तर ऊन. इथे दोरा शाबूत होता. चीर पडली होती ती रीफच्या, म्हणजे शीड लहान करून बांधायच्या, ओळीतल्या छोट्या आयलेटपासून (कडी ठोकलेल्या भोकापासून), तीही मागच्या कडेजवळच्या पहिल्या दोन आयलेटपासून, आणि ती आयलेट गोल राहिली नव्हती, ओढून लांबट झाली होती. म्हणजे जो भार मागच्या कोपऱ्यातल्या मोठ्या कडीने, क्रिंगलने, घ्यायचा, तो ही चिमुकली भोकं घेत होती. ती फक्त खाली लोंबणारं जादा कापड गुंडाळून बांधायला असतात, भार पेलायला नव्हे.

रीफ म्हणजे वारा वाढला की शीड थोडं उतरवून लहान करणं. अशा बोटीवर पहिला रीफ साधारण 15 नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याच्या आसपास घ्यावा, दुसरा विशीच्या पुढे. शीड रीफपुरतं खाली आलं की क्रिंगलमधली दोरी दोन कामं करते: कोपरा बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावर, खाली दाबते आणि मागेही ताणते. मागे ताणलं नाही तर खालची कड ढिली राहते, शीड पोटासारखं फुगतं आणि ताण आयलेटवर जातो.

तेव्हा पाहायचं होतं ते बूमवरच्या कप्पीचं स्थान. हे सकाळी करावं, मुंबईत दुपारी वायव्येचा वारा उठायच्या आत. शीड पहिल्या रीफच्या उंचीला आणलं, पुढचा कोपरा गूजनेकच्या (बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्याच्या) हुकात अडकवला, हॅलयार्ड (शीड चढवायची दोरी) कडक केलं, मग क्रिंगलला दोरी लावून खालची कड सरळ होईपर्यंत मागे ओढलं. क्रिंगलच्या बरोबर खाली बूमवर चिकटपट्टी लावली. जुनी कप्पी त्या पट्टीच्या 14 सें.मी. पुढे होती! म्हणजे दोरी कोपऱ्याला खाली ओढत होती आणि शिवाय पुढेही ओढत होती. मागचा ताण शून्य.

कारण साधं निघालं. कप्पी आधीच्या शिडाच्या मापाने बसवलेली, आत्ताच्या शिडाची खालची कड जास्त लांब. शीड शिवणाऱ्याने बूम पाहिला नाही, कप्पी बसवणाऱ्याने शीड पाहिलं नाही. आमच्या धंद्यात ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्याची किंमत मालक मोजतो.

नवी कप्पी पट्टीच्या 6 सें.मी. मागे घेतली. हा आकडा पुस्तकातला नाही. या बूमवर क्रिंगल जिथे येऊन थांबते ते ठिकाण कप्पीच्या सहा-एक सें.मी. वर आहे, तेवढंच मागे गेलं की दोरी 45 अंशांत ओढते, जितकी खाली तितकीच मागे. आणखी मागे नेली तर ती नुसती मागे ओढते आणि कोपरा बूमवरून उचलला जातो. दोरीचं दुसरं टोक बूमच्या विरुद्ध बाजूला, त्याच जागी, पॅडआयला (पक्क्या कडीला) बोलाइनने (न सरकणाऱ्या फाशाच्या गाठीने) बांधलं. पहिल्या रीफची कप्पी उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे, म्हणजे दोऱ्या एकमेकींवर चढत नाहीत.

फिटिंगबद्दल थोडं. बूमची भिंत 2 मि.मी. ॲल्युमिनियमची. तिच्यात आटे पाडून 5 मि.मी.चा स्क्रू बसवला तर अडीच आटे पकड मिळते. घरातल्या पडद्याला ते चालेल. मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट वापरले, 5 मि.मी.; लहान हातरिव्हेटरने ते नीट आवळले जात नाहीत, लांब दांड्याचा लागतो. कप्पीची पट्टी स्टेनलेस, तेव्हा खाली नायलॉनची चकती आणि रिव्हेटला गंजरोधक पेस्ट. खाऱ्या हवेत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम थेट भिडले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. जुन्या कप्पीखाली नेमकी तीच भुकटी होती.

दोरी 8 मि.मी., दुहेरी विणीची पॉलिएस्टर. 6 मि.मी. भाराला पुरते, पण ओल्या हाताला कापते. लांबी: क्रिंगल बूमपासून 1.2 मीटर वर, म्हणून वर-खाली 2.4, बूमवरून पुढे 2.6, शेपूट दीड, गाठी अर्धा, 7 मीटर. थोडी जास्तच घ्यावी. दुसऱ्या रीफला 9. एकीत निळा धागा, दुसरीत लाल.

एवढं होऊनही मालकांची खरी तक्रार उरलीच होती. ती त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली: रीफ घेताना एक माणूस बूम खांद्यावर धरून बसतो. टॉपिंग लिफ्टच, म्हणजे डोलकाठीच्या टोकावरून बूम तोलून धरणारी दोरीच, नव्हती! बॅकस्टेला (डोलकाठीला मागून ताणणाऱ्या तारेला) वायरचा एक तुकडा होता, बूमचं टोक त्यात अडकवायचं. मूरिंगवर ठीक. चालू बोटीवर तो अडकवला तर बूम मध्येच खिळतो, वारा सोडायला जागाच राहत नाही. म्हणून ते अडकवत नव्हते, आणि हॅलयार्ड ढिलं केलं की बूम कॉकपिटात, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेत.

या दोन तक्रारी दोन नव्हेतच. बूम अधांतरी असेल तर त्याचं सगळं वजन शिडाच्या मागच्या कडेवर लटकतं, क्रिंगल ताणलेली राहते, आणि रीफची दोरी ओढणारा शीड खाली आणण्याऐवजी बूमच वर उचलत बसतो. शेवटी तो थकतो, दोरी अर्धवट ठेवतो आणि उरलेलं काम आयलेट बांधून भागवतो. फाटणार नाही तर काय! कप्पी योग्य जागी असती तरी हेच झालं असतं, फक्त उशिरा.

टॉपिंग लिफ्ट: डोलकाठीचं टोक बूमपासून साडेआठ मीटर वर, बूम 3 मीटर, म्हणजे तिरकं अंतर 9. वरचा भाग 4 मि.मी. डायनीमा (अतिमजबूत कृत्रिम दोर), 7.6 मीटर, दोन्ही टोकांना स्प्लाइस (टोक दोरातच विणून केलेला फासा). डायनीमा गुळगुळीत, गाठ सरकते. त्याच्या खालच्या टोकाला छोटी कप्पी. बूमच्या टोकावरून 5 मि.मी.ची दोरी त्या कप्पीतून वर जाऊन परत खाली, मग बूमवरून पुढे गूजनेकजवळच्या क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंट्याला), साडेसहा मीटर. निम्म्या जोरात बूम उचलतो. शीड चढलेलं असताना ही ढिली हवी, नाहीतर शीड बूम ओढत नाही, लिफ्ट ओढते. ढील बॅकस्टेत अडकू नये म्हणून दोरीला एक हात रबरी दोर. वर शॅकल (जोडकडी) लावायला पोरगा बोसन चेअरमधून (दोरीला टांगलेल्या बैठकीतून) गेला, दुसरी दोरी सुरक्षेला. लाँच गेली की खाली हातभर हलतं, वर मीटरभर. लाँचवाल्यांना वर माणूस दिसत असतो, वेग कमी करत नाहीत.

रीफ घेण्याचा क्रम असा: मेनशीट (बूम आत ओढणारी दोरी) आणि व्हँग (बूम खाली दाबून धरणारा ताण) सोडा. टॉपिंग लिफ्ट घेऊन बूम वीतभर उचला. हॅलयार्ड खुणेपर्यंत सोडा (खूण दोऱ्याने गुंडाळून करावी, पेनची पुसते). पुढचा कोपरा हुकात. हॅलयार्ड परत कडक. मगच मागची दोरी, कोपरा बूमवर बसेपर्यंत. लिफ्ट ढिली. जादा कापड आयलेटमधून सैल बांधा, सुरगाठीने, निरगाठ नको. रीफ काढताना आयलेटच्या गाठी सर्वांत आधी सोडा. एक राहिली तर हॅलयार्ड ओढणारा तिथेच चीर पाडतो.

चाचणी प्राँग्जच्या दीपगृहाबाहेर, 16-18 नॉटमध्ये. कोपरा वीतभर वर अडला. मालकांनी व्हँग सोडला नव्हता. लिफ्ट वर ओढते, व्हँग खाली, मध्ये रीफ. व्हँग सोडला आणि कोपरा एका हाताने खाली आला.

प्रश्न उरला तो हॅलयार्डचा. ते कॉकपिटात नेलेलं होतं आणि हुक डोलकाठीपाशी. म्हणजे रीफला दोन माणसं आणि आरडाओरडा. माझं मत पक्कं आहे: हॅलयार्ड, हुक, रीफची दोरी आणि लिफ्ट एका माणसाच्या हाताशी असावं, मग ते कुठेही असो; निम्मं इथे, निम्मं तिथे हे सर्वांत वाईट. मी हॅलयार्ड डोलकाठीवर परत आणलं. मालकांना सगळं कॉकपिटात हवं होतं, एकाच दोरीने. ती दोरी 13 मीटर होते, क्रिंगल आणि कप्प्या धरून सहा ठिकाणी वळते, आणि प्रत्येक वळण जोर खातं. 24 फुटी बोटीवर विंच (दोरी ओढायचं चक्र) नसताना तिचा शेवटचा हातभर भाग कधीच ओढला जात नाही.

पण त्यांचे गुडघे दुखतात, आणि लाटेत डोलकाठीपाशी गुडघ्यावर बसायचं आहे त्यांना, मला नाही. डोलकाठीच्या बुंध्याला मीटरभराच्या टेथरसाठी (अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याच्या दोरीसाठी) कडी लावून दिली. हॅलयार्ड कॉकपिटात नेणारी डेकवरची जुनी कप्पी काढली नाही. पुढे सगळं कॉकपिटात न्यायचंच तर एका दोरीऐवजी दोन, पुढच्या कोपऱ्याला वेगळी आणि मागच्या कोपऱ्याला वेगळी, दोन्ही हॅलयार्डशेजारी कॉकपिटात: तेवढ्यात घर्षण निम्म्यावर येईल. केबिनच्या छपराखाली बॅकिंग प्लेटला (फिटिंगमागे आधाराला लावायच्या पत्र्याला) जागा आहे का, हे पाहण्यासाठी आतलं अस्तर उघडावं लागेल. ते पावसाळ्यात, बोट वर काढल्यावर.