तुम्ही विचारलंत म्हणून: पडल्यावर तो उठतो तरी कशाला?

हौशी बॉक्सिंगच्या लढतींत मी रेफरी म्हणून उभी राहते हे कळलं की लोक वजनगट विचारत नाहीत, गुण कसे देतात तेही विचारत नाहीत. विचारतात ते हे: "एवढा मार खाऊन आडवा झालेला माणूस परत उठतो तरी कशाला?" कुणाच्या आवाजात कौतुक असतं, कुणाच्या चीड. काही जण माझी वाटही न पाहता उत्तर देऊन मोकळे होतात: "जिगर! दुसरं काय?" मला ते उत्तर पुरत नाही, आणि माझं उत्तर उभ्याउभ्या सांगून होत नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. नुसतं उठून उभं राहणं म्हणजे धैर्य, असं मी मानत नाही. हनुवटीच्या टोकावर बाजूने हूक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला ठोसा, बसला की डोकं झटक्यात वळतं. कवटीबरोबर आतला मेंदू तितक्याच वेगाने वळत नाही, आणि त्या पिळात क्षणभर सगळं बंद पडतं. पाय जातात. शुद्ध परत येते तेव्हा माणूस कॅनव्हासवर, म्हणजे रिंगच्या जमिनीवर, असतो, आणि बहुतेकांचं शरीर आपणहून उठायला धडपडतं. त्यात निर्णय नसतो. सवय असते, लाज असते, चार लोकांसमोर पडल्याची घाई असते. बॉक्सर पडला की रेफरी दहापर्यंत आकडे मोजतो, आणि दहाच्या आत उभा राहिला नाही तर तो हरतो. म्हणूनच उडी मारल्यासारखा एक-दोनलाच उठून उभा राहणारा बॉक्सर दिसला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

झॅब जूडा या अमेरिकी बॉक्सरचं उदाहरण बघा. 3 नोव्हेंबर 2001, लास व्हेगास, समोर कोस्त्या त्झू. दुसऱ्या फेरीत त्झूचा उजवा ठोसा लागला आणि जूडा पाठीवर पडला. पडला तसा लगेच उठला. आपल्याला काहीच झालेलं नाही हे त्याला जगाला दाखवायचं होतं. पाय मात्र अजून त्याचे नव्हते. दोन पावलं भेलकांडला आणि पुन्हा कोसळला. रेफरी जे नेडी यांनी तिथेच लढत थांबवली. जूडा इतका चिडला की त्याने स्टूल फेकलं, रेफरीच्या गळ्याशी ग्लोव्ह नेला, आणि पुढे दंड भरून निलंबन भोगलं. तो जर गुडघ्यावर आठपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण आठ सेकंद त्याच्या हक्काचे होते आणि त्याने ते टाकून दिले, एवढं खरं.

जाणते कोच शिकवतात ते याच्या नेमकं उलट. पडलास ना? मग एका गुडघ्यावर ये, आपल्या कॉर्नरकडे बघ, श्वास घे, आकडे ऐक. आठला ऊठ. ऐकायला सोपं आहे. पण हजारो लोक ओरडत असताना, समोरचा हात उंचावून फिरत असताना, आपण खाली आहोत हे सगळ्यांना दिसत असताना गुडघ्यावर थांबून राहायचं, याला जी छाती लागते ती मला उठण्यापेक्षा मोठी वाटते. एकदा एका लढतीत एक मुलगी माझ्या बोटांकडे टक लावून बघत होती, प्रत्येक आकड्याला किंचित मान हलवत होती. आठला उठली, ग्लोव्ह्ज वर घेतले, पुढची फेरी जपून काढली. लढत हरली. त्या दिवशी रिंगमध्ये सगळ्यात शहाणी तीच होती.

या दहा आकड्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो समजल्याशिवाय हे धैर्य कशातून घडलं ते नीट कळत नाही. ग्लोव्ह्जच्या आधीच्या जमान्यात, इंग्लंडमध्ये, माणूस पडला की फेरीच संपायची. 1838च्या नियमांप्रमाणे त्याला तीस सेकंदांची विश्रांती मिळे, आणि मग आठ सेकंदांत रिंगच्या मधोमध आखलेल्या रेघेपाशी पोचावं लागे. विश्रांतीत सोबती त्याला आपल्या कोपऱ्यात नेत, तोंडावर पाणी मारत, शुद्धीवर आणत. त्यामुळेच लढती इतक्या लांबत. 1889 सालीसुद्धा याच जुन्या पद्धतीने अमेरिकेत, मिसिसिपीत, झालेली जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन यांची लढत 75 फेऱ्या चालली. 1867च्या, ग्लोव्ह्ज घालून लढायच्या क्वीन्सबरी नियमांनी हळूहळू हे सगळं बदललं. आता दहा सेकंद, आणि उठायचं ते आपलं आपण. कुणी हात द्यायचा नाही, कुणी पाणी मारायचं नाही. खाली पडलेला माणूस रिंगमध्ये एकटा पडला तो तेव्हापासून.

त्यातही नियमांची पाचर असतेच. 22 सप्टेंबर 1927 रोजी शिकागोत जॅक डेम्पसीने जीन टनीला सातव्या फेरीत खाली पाडलं आणि स्वतः त्याच्याजवळच घुटमळत राहिला. पाडणाऱ्याने आधी लांबच्या कोपऱ्यात जायचं, मगच मोजणी सुरू, असा नियम ठरलेला होता. रेफरीने डेम्पसीला हाकलेपर्यंत काही सेकंद गेले. टनी नवाला उठला, पण घड्याळाप्रमाणे तो चौदाएक सेकंद खाली होता. पुढे त्याने डेम्पसीला पाडलं आणि लढत गुणांवर जिंकली. शंभर वर्षं होत आली तरी लोक वाद घालतात. टनीने काय चूक केली? त्याला नऊ आकडे मिळाले, त्याने नऊही वापरले. घाई त्याने केली नाही, शिस्त डेम्पसीने पाळली नाही.

आता तुमच्या प्रश्नातलं "एवढा मार खाऊन". सगळा मार सारखा नसतो. यकृतावर, म्हणजे उजव्या बरगडीखाली, बसलेला डावा हूक बघा. ठोसा लागतो, बॉक्सर क्षणभर उभाच असतो, चेहऱ्यावर काही नसतं. आणि मग एकदम घडी होऊन खाली. शुद्ध पूर्ण असते, आकडे स्वच्छ ऐकू येतात, उठायची इच्छा शंभर टक्के असते. शरीर नाही म्हणतं. 2004 साली बर्नार्ड हॉपकिन्सच्या अशाच ठोशाने ऑस्कर डे ला होया नवव्या फेरीत खाली गेला आणि दहा आकडे होईपर्यंत उठू शकला नाही. चिडून तो कॅनव्हासवर मुठी आपटत होता. त्या माणसात धैर्य कमी होतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? म्हणून "जो उठला तो शूर, जो नाही उठला तो भित्रा" हा हिशेब मला मुळातच मान्य नाही.

मग धैर्य कुठे असतं? माझ्या मते ते असतं आठनंतर. मी "बॉक्स", म्हणजे पुन्हा लढा, म्हणते आणि बाजूला होते, तिथे. समोरच्याला आता ठाऊक असतं की हा हलला आहे. तो धावून येणार. यालाही ठाऊक असतं की तो येणार, आणि मघाचा ठोसा कसा लागतो हेही आता नुसतं ऐकीव राहिलेलं नसतं. तरी गार्ड वर ठेवून, मिठी मारून, पाय हलवून, पुढची वीस-तीस सेकंदं डोकं शाबूत ठेवून काढायची. हे बघण्यासारखं असतं.

10 डिसेंबर 1958, माँट्रियल. चाळिशी ओलांडलेला लाइट हेवीवेट विजेता आर्ची मूर, समोर कॅनडाचा मासेमार ईव्हॉन ड्युरेल. पहिल्याच फेरीत मूर तीन वेळा पडला. पाचवीत पुन्हा. मूर चारही वेळा उठला, पण लक्षात ठेवण्यासारखं पुढचं आहे: आपली हालत काय आहे हे ओळखून तो सावकाश, हुशारीने लढतीत परत आला आणि अकराव्या फेरीत ड्युरेललाच नॉकआउट केलं. 1979 साली लॅरी होम्सही अर्नी शेव्हर्सच्या उजव्या ठोशाने सातव्या फेरीत असाच कोसळला होता. तोही अकराव्यात जिंकला.

जिंकणाऱ्यांच्याच गोष्टी सांगितल्या तर मात्र ती लबाडी होईल. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कमध्ये शेवटच्या, पंधराव्या फेरीत जो फ्रेझरच्या डाव्या हूकने मोहम्मद अली पाठीवर पडला. पटकन उठला, फेरी पुरी केली, आणि हरला. उठून त्याला काही मिळालं नाही. गुण आधीच फ्रेझरच्या बाजूला होते. दोनच वर्षांनी किंग्स्टनमध्ये त्याच फ्रेझरला जॉर्ज फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. सहाही वेळा फ्रेझर उठला. एका ठोशाने तर त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते. शेवटी रेफरीने आवरलं. मी ती लढत बघते तेव्हा मला फ्रेझरचा अभिमान वाटतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून रागही येतो, की अरे, कुणीतरी थांबवा ना.

कारण याची किंमत असते. 13 नोव्हेंबर 1982 ला लास व्हेगासमध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत रे मॅन्सिनीच्या ठोशाने पडला. दोराला धरून कसाबसा उभा राहिला. लढत तिथेच थांबवली गेली. थोड्याच वेळात तो बेशुद्ध झाला, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, काही दिवसांत गेला. जागतिक लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या त्या त्यानंतर. दोराला धरून उठणारा किम हे बॉक्सिंगमधलं शौर्याचं चित्र म्हणून कुणी दाखवलं की मी तिथून उठते.

फ्लॉइड पॅटरसनचं आयुष्य मला या बाबतीत सगळ्यात जास्त विचारात पाडतं. 1959 साली इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सात वेळा पाडून हेवीवेटचं विजेतेपद घेतलं. वर्षभरात पॅटरसनने ते परत मिळवलं. हेवीवेटचं विजेतेपद गमावून परत मिळवणारा तो पहिलाच. त्या दुसऱ्या लढतीत योहान्सन बेशुद्ध पडला, पाय थरथरत होता, तेव्हा पॅटरसन जल्लोष सोडून त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला. आपण सगळ्यात जास्त वेळा पडलो असं लोक म्हणतात, पण सगळ्यात जास्त वेळा उठलोही आपणच, असं तो म्हणायचा. हाच माणूस 1962 मध्ये सॉनी लिस्टनकडून पहिल्या फेरीत हरल्यावर खोटी दाढी लावून बाहेर पडला, कुणी ओळखू नये म्हणून. पडण्याची लाज उठण्याच्या हिमतीबरोबर एकाच माणसात नांदते. 1998 साली, न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाचा अध्यक्ष असताना, एका जबानीत त्याला स्वतःच्या कारकिर्दीतल्या मोठ्या गोष्टीही आठवेनात. त्याने पद सोडलं. पुढे त्याला अल्झायमर असल्याचं कळलं.

म्हणून रिंगमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी धैर्याचीही गरज असते. 1975 साली मनिलात अलीविरुद्धच्या लढतीत चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचा एक डोळा पूर्ण मिटला होता, दुसराही मिटत आला होता. तरी तो पंधरावी खेळणार म्हणून हट्ट धरून होता. कोच एडी फच यांनी त्याला उठूच दिलं नाही. एकच फेरी उरली होती. फच यांना पुढे आयुष्यभर त्याबद्दल विचारणा झाली, आणि त्यांनी तो निर्णय कधी मागे घेतला नाही.

रेफरी रिचर्ड स्टील यांना तर आजही शिव्या बसतात. 17 मार्च 1990, मेल्ड्रिक टेलर तीनपैकी दोन न्यायाधीशांच्या कार्डांवर पुढे होता. बाराव्या, शेवटच्या फेरीत ह्युलिओ सेसार चावेझने त्याला पाडलं. टेलर उठला. स्टीलनी विचारलं, ठीक आहेस का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. त्यांनी लढत थांबवली तेव्हा दोन सेकंद उरले होते. दोन सेकंद! लोक मला हे वारंवार ऐकवतात. मी स्टील यांच्या बाजूने आहे. रेफरी घड्याळाकडे बघायला उभा नसतो, तो डोळ्यांकडे बघायला उभा असतो. टेलरच्या जागी कुणाचं मूल असेल त्याने ठरवावं की दोन सेकंदांत किती ठोसे बसतात.

मी आकडे मोजते तेव्हा नेमकं हेच बघत असते. बोटं तोंडासमोर धरते: नजर बोटांवर येते का? पाय एका जागी ठरतात का, की आधार शोधतात? "हात वर" म्हटल्यावर ग्लोव्ह्ज लगेच वर येतात का? एक पाऊल पुढे ये म्हटलं तर सरळ येतो का? "मी ठीक आहे" हे वाक्य मी ऐकून सोडून देते, ते सगळेच म्हणतात.

थांबवलेले बॉक्सर चिडतात. डोक्याला मार लागून थांबवलं असेल तर निदान महिनाभर सराव लढतीही बंद, त्यामुळे आणखी चिडतात. एक जण कपडे बदलून थेट माझ्यापाशी आला. "मॅडम, मी उभा होतो ना!"

"होतास. पण मी दोनदा हात वर कर म्हटलं, तू केले नाहीस."

तो थबकला, कोचकडे वळून बघितलं, आणि मला विचारलं, "कधी म्हणालात?"