नाव बुडाली

मंगळवार, रात्री पावणेदोन

शुद्धिपत्र लागलं. पान पाच, तळाला, राशिभविष्याच्या खाली. कुणी काही बोललं नाही. सर नेहमीसारखे चहा विचारून गेले. त्यांचं ते चहा विचारणंच जास्त लागलं.

एजन्सीच्या कॉपीत 'फ्लाउंडर' होतं, मी 'फाउंडर' वाचलं. फाउंडर म्हणजे पाणी भरत भरत तळाला जाणं. फ्लाउंडर म्हणजे लाटांत सापडून धडपडणं, गटांगळ्या खाणं, पण अजून वर असणं. मधला एक ल मी खाल्ला आणि तरंगती नाव सहा खलाशांसकट बुडवली. सकाळी तिला दुसऱ्या बोटीने ओढत आणलं, तोवर आमचा अंक घरोघर पडलेला.

ही गल्लत इंग्रजीवालेही करतात. डबघाईला आलेली कंपनी फ्लाउंडर करते, गाशा गुंडाळला की ती फाउंडर झाली. त्यांचेही पेपर यात घसरतात. हे आठवून बरं वाटायला हवं. वाटत नाही. त्यात संस्थापक तो फाउंडरही याच कुळातला. लॅटिनमध्ये तळ म्हणजे 'फुंदुस'. एकाने तळाशी पाया घातला, दुसरा तळाशी गेला.

खुपतंय ते वेगळंच. एवढी वर्षं मी दिसेल त्या जहाजाला 'बुडालं' लावून मोकळी होत आले. इंग्रजी खलाशांकडे मात्र बुडण्याच्या आधीच्या प्रत्येक पायरीला शब्द आहे. वाऱ्याने जहाज एका अंगाला झुकलं तर 'हील', वारा पडला की ते सरळ होतं. आतला माल सरकला किंवा एकाच बाजूला पाणी भरलं आणि ते झुकलेलंच राहिलं, तर 'लिस्ट'. तिथे वारा पडून उपयोग नाही. माल हलवा नाहीतर पाणी उपसा. होडी पाण्याने भरली, काठ पाण्याला टेकले, तरी तरंगतेय, तर ती 'स्वॉम्प' झाली. पार पालथी पडली की 'कॅप्साइझ'. 'टर्न टर्टल' हेही तेच, कारण पकडलेली कासवं खलाशी पाठीवर उलटी टाकून ठेवायचे, म्हणजे ती पळत नसत. (आपल्याकडचे इंग्रजी पेपर ते कासव घाटातल्या ट्रकला लावतात. आपण 'पलटी' लिहितो. ट्रकला शोभतंही.)

आणि 'स्कटल'. मुळात जहाजाला ठेवलेलं झाकणाचं भोक. त्यावरून, आपल्याच हाताने भोकं पाडून, तळाचे व्हॉल्व्ह उघडून जहाज मुद्दाम बुडवणं. २१ जून १९१९ ला स्कॉटलंडच्या उत्तरेला, स्कापा फ्लोमध्ये, जर्मन खलाशांनी हेच केलं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी तिथे अटकावून ठेवलेल्या त्यांच्या ७४ जहाजांपैकी ५२ तळाला गेली. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा ते बरं.

याला मी काय लिहिलं असतं? जलसमाधी. वादळात गेलेल्या मच्छीमार बोटीलाही आम्ही जलसमाधीच देतो. समाधी स्वतःहून घ्यायची असते. वादळातल्या बोटीने ती कधी घेतली? तो शब्द खरं तर स्कापा फ्लोसाठीच राखून ठेवायला हवा. उद्या मीटिंगमध्ये सांगणार होते. आता कुठल्या तोंडाने.

रामदास बोट. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला जाताना. लाटांनी कलली, माणसं एका बाजूला धावली आणि कलंडली. पण घरात कायम 'रामदास बुडाली' एवढंच. आजी त्या वाक्याच्या पुढे कधी गेली नाही. असो.

'कलली' आणि 'कलंडली'. हे आत्ता हातातून आपसूक उतरलं. म्हणजे होते की शब्द. डेस्कवर बसल्यावरच कुठे जातात?

तसं 'बुडणे' सुद्धा गरीब नाही. शाळा बुडते, रोज बुडतो, सूर्य बुडतो, धरणामागचं गाव बुडीत क्षेत्रात जातं, कर्ज बुडीत खात्यात. आणि बँक बुडाली, का बुडवली? इंग्रजीला तिथे स्कटलसारखा वेगळा शब्द शोधावा लागतो. आपल्याला एक व पुरतो, आणि संचालक मंडळ त्या एका व वरूनच नोटीस धाडतं.

बाजाराच्या पानावरही तेच. 'प्लमेट' म्हणजे मुळात गवंड्याच्या ओळंब्याचं शिसं, सुटलं की सरळ खाली. आपल्याकडे निर्देशांक घसरतो, गडगडतो, आपटतो. घसरायला उतार लागतो. गडगडताना वाटेत ठिकठिकाणी आदळायचं असतं. आपटायला जमीन लागते, म्हणून बाजार चालू असताना 'आपटी' लावायची नाही. साडेतीनला बंद झाला, आकडा हातात आला, की मगच. नव्या मुलाला हे मी स्वतः शिकवलंय. मी. हसू येतंय आता.

'डूम्ड' वर तर मी किती वर्षं अडायचे. 'विनाश अटळ असलेला' वगैरे. जुन्या इंग्रजीत डूम म्हणजे न्यायनिवाडा. निकाल! 'त्याचा निकाल लागला' हे आपण कोर्टाबाहेरही म्हणतोच की.

एक मात्र भाषांतर होत नाही. कुणाचा कायमचा पराभव झाला की इंग्रज म्हणतो, त्याला त्याचं वॉटर्लू भेटलं. १८ जून १८१५ ला वॉटर्लूला हरला नेपोलियन, इंग्रज जिंकले होते. दुसऱ्याच्या पराभवाची म्हण करणं सोपं. आपण 'पुरतं पानिपत झालं' म्हणतो, ते स्वतःचं. १४ जानेवारी १७६१. म्हणून 'वॉटर्लू'ला 'पानिपत' लावलं की अर्थ बसतो, पण वाक्य रडायला लागतं.

पान साडेबाराला गेलं. आत्ता पीडीएफ उघडली, शुद्धिपत्र एकदा शांतपणे वाचावं म्हणून. 'नाव बुडाले असे मंगळवारच्या अंकात प्रसिद्ध झाले होते.'

बुडाले.

होडी असेल तर बुडाली हवं. छपाई सुरू झाली असणार. आणि आमचंच नाव म्हणायचं असेल, तर 'बुडवले' हवं.