आमची वाटचाल : सागाच्या भुशापासून अँटिबायोटिक शोषणाऱ्या कार्बनपर्यंत

बल्लारपूरच्या आरागिरण्यांमधला सागाचा भुसा घेऊन आम्ही सुरुवात केली ती साखरेच्या पाकाचा रंग काढणाऱ्या सक्रिय कार्बनच्या, म्हणजे असंख्य बारीक छिद्रं असलेल्या कोळशाच्या, पावडरीने. आता भट्टी मुख्यतः औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी पेटते. या कामाची निकड साऱ्यांना दिसली ती हैदराबादजवळच्या पाटणचेरूत. तिथल्या औषध कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्रातून प्रक्रिया होऊन निघालेल्या पाण्यातही लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही इतकं नसतं.

भुसा निव्वळ लाकडाचाच हवा. प्लायवूडचा, रंगवलेल्या किंवा वाळवीचं औषध पाजलेल्या लाकडाचा आम्ही परत पाठवतो. त्यातलं तांबं, क्रोमियम, आर्सेनिक पुढे पाण्यात उतरू शकतं. चाळून, ओल दहा टक्क्यांखाली आणून, किलोमागे ८५ टक्क्यांचं फॉस्फरिक ॲसिड पावणेदोन किलो लावायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. मग ४५० ते ५०० अंशांवर तासभर. तापमान त्याच्या बरंच वर गेलं की उघडलेली छिद्रं आक्रसतात. धुलाईत घाई अजिबात चालत नाही. पहिल्या गरम पाण्यातलं ॲसिड परत वापरता येतं, पण शेवटच्या पाण्याचा पीएच ६ च्या वर येईपर्यंत धूत राहावं लागतं. नाहीतर राहिलेलं फॉस्फेट ग्राहकाच्या टाकीत शेवाळ वाढवतं.

खरेदीवाले आधी आयोडीन नंबर विचारतात, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती आयोडीन शोषतो तो आकडा. आयोडीनचा रेणू लहान, टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचा बराच मोठा; नुसती बारीक छिद्रं असलेला कार्बन आयोडीनला उत्तम आणि टेट्रासायक्लिनला कुचकामी ठरू शकतो. म्हणून मिथिलीन ब्लू या आयोडीनपेक्षा मोठ्या रेणूच्या निळ्या रंगाचा आकडाही मागा. आणि किती पावडर लागेल ते ठरवणारी जार टेस्ट स्वतःच्याच सांडपाण्यावर करा: पाच-सहा बीकर, वाढते डोस, तासभर ढवळणं, गाळून एचपीएलसी, म्हणजे पाण्यात उरलेलं औषध मोजणारी यंत्रचाचणी. डिस्टिल्ड वॉटरमधले आकडे फसवे असतात, कारण प्रत्यक्षात इतर सेंद्रिय घाण तीच छिद्रं आधी बळकावते. त्यामुळे पावडर जैविक प्रक्रियेनंतरच, म्हणजे जिवाणूंनी ती घाण कमी केल्यावरच, टाकावी. अँटिबायोटिकांमध्ये सल्फामेथॉक्साझोल फार चिवट. साध्या पीएचला त्यावर ऋण भार असतो आणि ते कार्बनला नीट धरत नाही. ते असेल तर डोस त्याच्यावरूनच ठरवा.

वापरलेल्या पावडरीत औषध तसंच असतं, नष्ट झालेलं नसतं. तो गाळ खत म्हणून शेतात किंवा वीटभट्टीत जाता कामा नये. अधिकृत घातक कचरा केंद्रातच जाळायला द्यावा. हा खर्च आम्ही कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो.