चार्जर पुण्यात, कॅमेरा कासला

स्वारगेटहून सुटलेली विनाथांबा खंबाटकी घाट चढायला लागली आणि मला आठवलं, चार्जर स्वयंपाकघरातल्या प्लगलाच राहिला. मिक्सरशेजारी. कॅमेरा घेतला, बाबांची लेन्स घेतली, दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून घेतल्या (कशाला, ते पुढे येईल), आणि बॅटरीच्या खुणेत एकच घर शिल्लक. दुसऱ्या दिवशीचं कास पठाराचं ऑनलाइन बुकिंग झालेलं.

साताऱ्यात शनिवार पेठेत आत्याच्या घरी पोचल्यावर आतेभावाने, म्हणजे दादाने, एका वाक्यात प्रश्न मिटवला. "मोबाईल आहे ना हातात? मग?"

त्याचं बरोबरच आहे. जपानच्या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या हिशोबाने २०१० साली जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले होते. २०२३ साली तो आकडा ७७ लाखांच्या आसपास आला. मधले सगळे दादासारख्यांच्या खिशात गेले. पण माझा कॅमेरा पेन्टॅक्स या जपानी कंपनीचा आहे, आणि पेन्टॅक्सवाल्यांना हे आकडे सांगून काही उपयोग नसतो. आम्ही आधीच घाबरलेले असतो.

पोवई नाक्यापासून मोती चौकापर्यंत मी दुकानं पालथी घातली. निकॉनचा चार्जर होता, कॅननचा होता. एका दुकानातल्या पोराने "पेन्टॅक्स" ऐकून माझ्यापुढे तीन रंगांचे पेन ड्राइव्ह मांडले. दुसऱ्याने सांगितलं, "मॅडम, ती कंपनी बंद पडली." हे मी गेली दहा वर्षं ऐकते आहे. कंपनी दर वर्षी बंद पडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा बंद पडायला शिल्लक असते.

मोती चौकाजवळच्या एका बोळात एक स्टुडिओ सापडला. दारावर गंजलेला पत्र्याचा बोर्ड, त्यावर कोनिकाचं नाव अजून वाचता येत होतं. कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेरे आणि फिल्म या दोन्ही धंद्यांतून अंग काढून घेतल्याचं जाहीर केलं होतं. बोर्ड उतरवायला मात्र कुणी आलेलं नव्हतं. आत सत्तरीचे काका, पासपोर्ट फोटो कापत बसलेले.

बॅटरी हातात घेऊन त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "डी-एलआय नव्वद. सात पॉइंट दोन व्होल्ट. ताई, मोबाईलच्या दुकानात कशाला गेलात? ही दोन सेलची आहे, तिथला चार्जर हिला पुरायचा नाही." मग खालच्या ड्रॉवरमधून एक काळपट डबी काढली. दोन सरकत्या पिना, वर स्प्रिंगचा चिमटा. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगच्या दिवसांत बॅटऱ्या वेगवेगळ्या यायच्या म्हणून घेतलेली. प्लस कुठे, मायनस कुठे बघून त्यांनी पिना टेकवल्या, वरून रबरबँड लावला. लाल दिवा लागला. "दोन-अडीच तास. बसा की."

बसले. कॅमेरा बघू म्हणाले, दिला. काच डोळ्याला लावली आणि म्हणाले, "आरसा आहे अजून ह्याला!"

आरसा आहे, हीच तर गोष्ट आहे. लेन्समधून आलेलं दृश्य आतला आरसा वर डोळ्यापर्यंत पोचवतो; अशा डिजिटल कॅमेऱ्याला डीएसएलआर म्हणतात. बाकीच्यांनी आरसा काढून टाकला. कॅनन आणि निकॉन यांचे सगळ्यात वरच्या दर्जाचे डीएसएलआर २०२० साली आले, ते शेवटचे. त्याच वर्षी पेन्टॅक्सने जाहीर केलं की आम्ही आरशाचेच कॅमेरे करत राहणार. २०२१ मध्ये के-३ मार्क थ्री आला. २०२३ मध्ये त्याचीच फक्त काळा-पांढरा फोटो काढणारी आवृत्ती आली. त्यानंतर खरोखर नवा म्हणावा असा डीएसएलआर काही आलेला नाही. निष्ठा म्हणावी की हट्ट, की दुसरं काही करायला पैसा नव्हता, यावर मी माझ्याशीच भांडत असते. बहुधा तिन्ही.

काकांनी लेन्स फिरवून कडेची अक्षरं वाचली. "असाही!"

बाबाही असंच म्हणायचे. कंपनीचं मूळ नाव असाही, १९१९ सालची. जपानचा पहिला ३५ मिलिमीटर रोलचा एसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, त्यांचा, १९५२चा असाहीफ्लेक्स. पेन्टॅक्स हे नाव १९५७ पासून. मामाने मस्कतहून बाबांसाठी के-१००० हा रोलचा कॅमेरा आणला तेव्हा त्याच्या कपाळावर असाही लिहिलेलं होतं आणि बाबा पाहुण्यांना सांगायचे, "असाही कॅमेरा असतो." सगळ्या पाहुण्यांना, दर वेळी. के-१००० कंपनीने १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनवला. त्याला बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला, शटर बॅटरीशिवाय उडतं. म्हणजे तो आणला असता तर मी या बोळात आलेच नसते.

पण त्याच्यावरची ५० मिलिमीटरची लेन्स माझ्या के-५वर बसते. के-५ हा २०१०चा डिजिटल कॅमेरा, मी २०१४ साली वापरलेला घेतला. १९७५ साली ठरलेली लेन्स अडकवायची खाच त्यांनी अजून बदललेली नाही. जुनी लेन्स लावून कॅमेरा चालू केला की तो आधी विचारतो, किती मिलिमीटरची? ५० सांगायचं, की हात हलला तरी आतला सेन्सर हलून सांभाळून घेतो. बाबांच्या लेन्सला हे सुख बाबांच्या हयातीत मिळालं नाही.

"मालक कोण आता?" काकांनी विचारलं.

सांगितलं. २००८ साली काचवाल्या होया कंपनीने पेन्टॅक्स पोटात घेतली. २०११ साली कॅमेरे रिकोहला विकले. एन्डोस्कोपीचा धंदा मात्र स्वतःकडे ठेवला, त्यामुळे पोटात दुर्बीण घालतात त्या यंत्रांवर पेन्टॅक्स हे नाव अजून असतं. काका मनापासून हसले. "पोटात बघायचं ठेवलं, डोंगरात बघायचं विकलं. शहाणा माणूस."

मग मी त्यांना पेन्टॅक्स १७ची गोष्ट सांगितली. २०२४ साली याच कंपनीने चक्क नवा रोलचा कॅमेरा काढला. हाताने रोल पुढे ओढायचा, अर्धी फ्रेम, छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो. रोल ओढायचा तो खटका कसा बनवायचा हे सांगायला निवृत्त झालेल्या इंजिनिअरांना विचारावं लागलं. काकांनी कात्री खाली ठेवली. "म्हाताऱ्यांना बोलावलं?" हे त्यांनी दोनदा विचारलं. मग इंदू या देशी काळ्या-पांढऱ्या रोलची, तो बनवणाऱ्या उटीच्या कारखान्याची आठवण निघाली, डार्करूमची निघाली. डार्करूममध्ये आता सून शिलाई मशीन चालवते. "रोल काढतील हो. पण धुणार कोण?"

दुसऱ्या दिवशी पहाटे दादाच्या गाडीने निघालो. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट, खाली सातारा दिव्यांसकट ढगात बुडालेला. कासला पोचलो तेव्हा पाऊस नव्हता, पण हवाच ओली होती. चष्म्यावर, भुवयांवर, सगळीकडे थेंब. के-५ला रबराच्या सीलमुळे पाण्याची फारशी फिकीर नसते. बाबांच्या लेन्सला असते. म्हणून तिच्यावर दुधाची पिशवी, पुढे भोक पाडलेली. शेजारी सेल्फी काढणाऱ्या मुलींनी आधी पिशवीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर तो किती, बोटाएवढा. त्यात हे सगळं. तेरड्याचा गुलाबी पट्टा धुक्यात शिरून नाहीसा होत होता. गेंदाची पांढरी बटणं. सीतेची आसवं, जांभळी, इतकी नाजूक दिसतात की ही बाई किडे खाते यावर विश्वास बसत नाही. साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा, ॲपोनोजेटन सातारेन्सिस, बहुतेक संपला होता. आसपासच्या गावांच्या वन समितीचा एक मुलगा शिट्टी घेऊन उभा होता, पायवाट सोडणाऱ्यावर फुंकायला. माझ्यावर एकदा फुंकली. गुन्हा कबूल.

जुन्या लेन्सवर फोटो काढणं म्हणजे सोपस्कार. उजेड आत सोडणारं छिद्र लेन्सच्या कडीने लावा, हिरवं बटण दाबा, कॅमेरा उजेड मोजतो, मग फोकस हाताने. तेवढ्यात धुकं बदलतं, पुन्हा बटण. आरशातून येणारं धुकं खरं असतं, पडद्यावरचं नसतं, एवढंच माझं आरशाच्या बाजूचं म्हणणं. सीतेच्या आसवांचा एक फोटो मनासारखा मिळाला, मागे थेंबांचे गोल गोल दिवे. त्याला पंचवीस मिनिटं लागली. दादाने तेवढ्यात मोबाईलवर चाळीस काढले, त्यातले सहा चांगले होते. घरच्या ग्रुपवर त्याचेच गेले.

संध्याकाळी कंदी पेढे घेऊन स्टुडिओत गेले. चार्जिंगचे पैसे आदल्या दिवशी काकांनी घेतले नव्हते, "आधी फोटो दाखवा" म्हणाले होते. त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आसवं पाहिली, मोठी करून पाहिली, कडा पाहिल्या. "बाबांची लेन्स बरी आहे."

मग विचारलं, "नवीन कधी घेणार?"

म्हटलं, हा चांगला चाललाय की. आणि घ्यायचाच झाला तर के-३ घेईन, वापरलेला. हीच बॅटरी चालते, सगळ्या लेन्सही चालतात.

"लेन्स नवीन घेतली कधी?"

नाही घेतली. बाबांची एक, बाकीच्या तीन जुन्या बाजारातून.

काकांनी पेढ्याचा कागद उलगडला, अर्धा मोडला. "म्हणजे तुम्हाला कंपनी जगायला पाहिजे, आणि द्यायचं काहीच नाही."

मला उत्तर सुचलं नाही. इतकं टिकेल असं बनवलं, जुनं सगळं नव्याला चालेल असं बनवलं, ही त्यांची चूक, असं काहीतरी पुटपुटले. काकांनी चार्जिंगचे तीस रुपये सांगितले. गेल्या पाच वर्षांत पेन्टॅक्सपायी माझ्या पर्समधून गेलेले हे पहिलेच पैसे, आणि तेही साताऱ्यातच राहिले.