सुजेचा आकडा आणि तुटलेली रेघ

बाईंच्या दोन्ही डोळ्यांची नजर सारखीच, ६/३६, म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणारी. यूव्हायटिसमुळे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहामुळे, दोन्हीकडे मॅक्युलाला, डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला, सूज. ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या थरांचे काप दाखवणाऱ्या स्कॅनवर, मधल्या १ मिलिमीटरच्या वर्तुळाची सरासरी जाडी उजवीकडे ५४१ मायक्रॉन, डावीकडे ३६२. निरोगी डोळ्यात ती साधारण २५० ते २८० भरते. "म्हणजे उजवा डोळा जास्त खराब ना, डॉक्टर?" बाईंनी विचारलं. मला काळजी डाव्याची होती.

उजवीकडचे ५४१ हाताने दुरुस्त करून मिळाले. मशीनने छापले होते ३३८. व्हिट्रियस, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा गर, धुरकट, त्यामुळे सिग्नल कमजोर, आणि पडद्याचा वरचा काठ धरणारी मशीनची रेघ घसरून एका सिस्टच्या, पाण्याच्या पोकळीच्या, पोटात शिरलेली. यूव्हायटिसमध्ये हे इतक्या वेळा होतं की नुसत्या रंगीत नकाशावर मी कधीच मत देत नाही. एकेक काप उघडायचा आणि मशीनच्या वरच्या-खालच्या दोन्ही रेघा काठावर बसल्यात का, ते बघायचं.

जाडी सांगते पाणी किती साचलंय ते. पुढे नजर किती येईल याचा अंदाज मात्र प्रकाशपेशींवरून बांधायचा, आणि त्यांची अवस्था कळते त्यांच्याच एलिप्सॉइड झोन नावाच्या पट्ट्याच्या चकाकत्या रेघेवरून. ती पुसट दिसली म्हणून पेशी गेल्या असंही नाही. वरच्या दाट सुजेची किंवा रक्तवाहिनीची सावली असू शकते. अशा वेळी नजर खाली न्यायची. सावली असेल तर त्याच पट्ट्यात आरपीई, म्हणजे प्रकाशपेशींखालचा रंगद्रव्याचा थर, आणि त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर, कोरॉइड, हेही मंद होतात. उजवीकडे नेमकं तसंच होतं. डावीकडे आरपीई ठसठशीत उजळ, आणि त्याच्या वर फोव्हियाच्या, म्हणजे मॅक्युलाच्या केंद्राच्या, मधोमध सुमारे ७०० मायक्रॉनपर्यंत एलिप्सॉइडची रेघच नाही. तिच्या वरची बारीक रेघ, एक्स्टर्नल लिमिटिंग मेम्ब्रेन, तीही तिथे तुटलेली. ही बारीक रेघ अखंड असली तर एलिप्सॉइड काही महिन्यांत भरून येताना मी पाहिली आहे. दोन्ही तुटल्या असतील तर फार आशा दाखवणं मला पटत नाही. बाईंना त्याच दिवशी तसं सांगितलं, सूज उतरल्यावर पुन्हा खात्री करू हेही सांगितलं.

टीबी आणि सिफिलिसच्या तपासण्या निगेटिव्ह आल्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅमने सुरू केलं, मग हळूहळू उतरवलं. पुढचे सगळे स्कॅन फॉलो-अप मोडवर, म्हणजे काप त्याच जागेचा येतो.

तीन महिन्यांनी उजवीकडे २७४ मायक्रॉन, एलिप्सॉइडची रेघ सलग, नजर ६/९. डावीकडे २५८, नजर ६/३६. स्टेरॉइडने मोतीबिंदू आलाय का ते पाहिलं, तर भिंग स्वच्छ होतं. पिनहोलने, म्हणजे बारीक छिद्रातून बघूनही, तक्त्यावरची एक ओळ वाढली नाही.

"पण डावीकडची सूज तर पूर्ण गेली ना?" बाई म्हणाल्या. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने ती मधली कोरी जागा दाखवली.